उल्लेखनीय कार्य

"कुणाचं वाचायल्यात रे ह्या?"

मावशीनं माझ्याकडं झुकून विचारलं. कोल्हापूरच्या दसरा चौकातल्या सभागृहात आम्ही पहिल्या रांगेत बसलो होतो. तिचे गुडघे गेलेत, स्टेजच्या पायऱ्या चढवायला कुणीतरी हवं म्हणून शेजारच्या खुर्चीवर मी. माइकवर निवेदिका मानपत्र वाचत होत्या. आवाज असा, की शब्दागणिक एकेक फूल वाहावं. 'रुग्णसेवेचा अखंड नंदादीप', 'त्यागमूर्ती', 'श्वेतवस्त्रातील देवदूत', 'ज्यांच्या शीतल स्पर्शाने असंख्य जीवांच्या वेदना शमल्या'. मी म्हणालो, "तुझंच की." मावशीनं चष्मा सावरला, एकदा निवेदिकेकडं बघितलं, एकदा माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "होय?"

ते 'होय?' तीन आठवडे झाले तरी मला सोडत नाही. कारण ते मानपत्र मीच लिहिलं होतं.

आमच्या पेठेत मी 'लिहिणारा' म्हणून ओळखला जातो. म्हणजे लग्नपत्रिकेतला मजकूर, तालमीच्या वर्धापनदिनाचं निमंत्रण, दहाव्याच्या दिवशी लावायच्या बोर्डावरच्या चार ओळी, असलं सगळं माझ्याकडं येतं. नर्सिंग स्कूलच्या माजी विद्यार्थिनींनी जुन्या बॅचेसचा सत्कार करायचं ठरवलं, तेव्हा मानपत्रंही ओघानं माझ्याकडंच आली. त्यांनी प्रत्येकीकडून एकेक फॉर्म भरून घेतला होता. नाव, बॅच, नोकरीची ठिकाणं, निवृत्तीचं वर्ष आणि शेवटी चार ओळींची मोकळी जागा : 'उल्लेखनीय कार्य'. सहा फॉर्म होते. एकीनं कुटुंबकल्याण शस्त्रक्रियांच्या शिबिरांतले आकडे दिले होते, एकीनं आखातातल्या दवाखान्याचं नाव. मावशीच्या फॉर्मवर चार ओळींपैकी पहिल्या ओळीत, रिपोर्ट बुकात लिहितात तशा उभ्या, सुट्या अक्षरांत दोनच शब्द होते. 'काही नाही.'

मी हसलो होतो. मग तिची जागा 'त्यागमूर्ती'नं भरली. बाकी पाचजणींच्या मानपत्रांतही थोड्याफार फरकानं तेच शब्द होते. नंदादीप एकीचा दुसरीला दिला, एवढंच.

कार्यक्रम सुरू व्हायच्या आधीचा अर्धा तास मात्र फार सुंदर होता. 1975 साली दाखल झालेली ही बॅच. आता सगळ्या सत्तरीच्या आसपास. कुणाचा हात काठीवर, कुणाच्या कानात यंत्र. त्या एकमेकींना नावानं हाक मारत नव्हत्या. "ए सतरा नंबर! अगं, किती वाळलीस!" "अकरा कुठाय? अकरा आली न्हाई?" "अकरा गेली की गं, गेल्या दिवाळीत." हॉस्टेलचे रोल नंबर पन्नास वर्षं टिकले होते. लग्नानंतर आडनावं बदलली, काहींची नावंही बदलली, पण सतरा ती सतराच. मावशी नऊ. नऊ नंबरनं सतरा नंबरचा हात हातात घेतला, पंजा उलटा करून नखं बघितली आणि म्हणाली, "रक्त तपासलंस का गं? पांढरी दिसायलीस." सतरा नंबर म्हणाली, "तू आधी पाय दाखव, सूज आहे का बघतो." आमच्याकडं बायकाही 'बघतो, येतो, जातो' म्हणतात, पुण्याच्या लोकांना त्याची गंमत वाटते. मला त्या क्षणी तो शब्द अगदी नेमका वाटला. सहा म्हाताऱ्या खुर्च्यांवर बसून एकमेकींना तपासत होत्या, आणि पाहुणे अजून यायचे होते.

मग पाहुणे आले आणि सगळं रीतीप्रमाणं झालं. नाइटिंगेलबाईंच्या फोटोला हार घातला. नव्या बॅचच्या मुलामुलींनी हातात दिवे घेऊन शपथ म्हटली. पाहुण्यांनी सांगितलं की ही शपथ नाइटिंगेल यांनी लिहिली. तशी ती नाही. 1893 साली अमेरिकेत, डेट्रॉइटला, तिकडच्या एका परिचारिका-शाळेच्या प्रमुख बाईंनी आपल्या मुलींसाठी ती तयार केली आणि मान म्हणून नाइटिंगेल यांचं नाव दिलं. दिव्याचंही तसंच. चित्रात त्यांच्या हातात अल्लाउद्दिनाच्या गोष्टीत असावा तसा चोचीचा दिवा असतो. त्या वापरत तो तुर्की पद्धतीचा, घडीचा कंदील होता. मला ह्या बाईंचं नेहमी वाटतं, की आपण त्यांच्या हातात दिवा दिला आणि वही काढून घेतली. क्रिमियाच्या युद्धातले सैनिक जखमांपेक्षा कितीतरी जास्त संख्येनं हगवण, कॉलरा, टायफससारख्या रोगांनी मेले, हे त्यांनी महिन्यामहिन्याचे आकडे मांडून, पाकळ्यांसारखी आकृती काढून सरकारच्या गळी उतरवलं. हिशेबी, चिवट आणि जरूर पडली तर भांडणारी बाई. दिवा धरलेली मूर्ती सोयीची असते. ती हिशेब विचारत नाही.

हे सगळं मी मनात म्हणत होतो, आणि माझ्याच मानपत्रात नंदादीप तेवत होता!

मावशीची आणि माझी खरी ओळख तिच्या झोपेपासूनची आहे. मे महिन्यात आम्ही भावंडं तिच्या क्वार्टरवर जायचो. नाईट असली की ती सकाळी साडेआठला यायची. दारातूनच "शिवू नका रे" म्हणत थेट न्हाणीत जायची. तिच्यामागून डेटॉलचा, स्पिरिटचा आणि आणखी कसलातरी गोडूस वास घरात यायचा. मग खिडकीच्या काचांवर काळे कागद चिकटवलेल्या खोलीत ती झोपायची, आणि बाहेर आम्ही कुजबुजत गोट्या खेळायचो. बाकीच्यांच्या मावश्या दुपारी पापड लाटायच्या, आमची दिवसा झोपायची. शेजारपाजारच्या बोलण्यात 'नर्सबाई' ह्या शब्दाला एक शेपूट असायचं, ते मला फार पुढं कळलं. तिची दोन स्थळं 'रात्रपाळी' ह्या एकाच शब्दावर मोडली होती. ज्यांनी मोडली, त्यांच्यातल्याच एका घरची सून अडली तेव्हा रात्री दोनला तिला न्यायला रिक्षा आली. मावशी गेली. ह्या गोष्टीत थोरपणा बघायचा मोह मला होतो, पण ती सांगताना म्हणते, "मूल आडवं होतं रे. जाऊ नको तर काय करू?"

आणि आजोबांची पाठ.

1986 साली आजोबांना अर्धांगवायूचा झटका आला. मी चौदा वर्षांचा. शिवाजी पेठेतल्या आमच्या घरी माजघराच्या बाजूच्या खोलीत ते चौदा महिने झोपून होते. मावशी तेव्हा बदलीच्या गावी, आठवड्याच्या सुट्टीला एस.टी.नं यायची. पहिल्याच आठवड्यात तिनं कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदावर एक घड्याळ काढलं. दर दोन तासांनी एक खूण : डावी कूस, उताणे, उजवी कूस. तो कागद पलंगाशी टांगला, आईला आणि मला समोर उभं केलं आणि शिकवलं. अंगाखालची चादर कशी धरायची, माणूस ओढायचा नाही, उचलून सरकवायचा, नाहीतर कातडी सोलते. चादरीला एक सुरकुती ठेवायची नाही. टाचांखाली, गुडघ्यांमध्ये उशी. रात्री दोनला गजर लावून आई उठायची, चारला मी. पुढच्या रविवारी मावशी आली की पिशवी खाली ठेवायच्या आधी हात धुवायची आणि आजोबांची पाठ उघडी करून माकडहाडावरून तळवा फिरवायची. त्या वेळी तिचा चेहरा भक्तीचा नसायचा. विहिणीनं पाठवलेली पुरणपोळी तव्यावर टाकण्याआधी जरा दाबून बघावी, तसा असायचा.

तळवा फिरवायच्या आधी ती दोन्ही हात एकमेकांवर खसखसा चोळायची. थंडगार हात लागला की आजारी माणूस दचकतं, अंग आखडतं, मग नीट तपासता येत नाही. पोरांनाही तीच शिस्त. आम्हाला ताप आला की तिचा हात कपाळावर यायच्या आधी तो चोळण्याचा आवाज यायचा. तो आवाज मला अजून ऐकू येतो. आणि मी लिहिलं काय, तर 'शीतल स्पर्श'. निवेदिकेनं त्या शब्दावर जरा थांबून आवाज हलका केला होता. सभागृहात टाळ्या पडल्या होत्या.

आजोबा गेले तेव्हा त्यांना शेवटची आंघोळ घालायला पुरुषमंडळी जमली. मावशी दारात उभी होती. ती रडली नव्हती. माझ्या वडिलांना म्हणाली, "भावोजी, पाठ बघा." सगळ्यांनी बघितली. चौदा महिने अंथरुणात काढलेल्या माणसाच्या पाठीवर एक ओरखडा नव्हता. मग ती आत जाऊन रडली. पुढं के.ई.एम.मधल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्याबद्दल वाचताना मला ती पाठ आठवायची. नोव्हेंबर 1973 मध्ये त्यांच्यावर हल्ला झाला आणि त्या कायमच्या अंथरुणाला खिळल्या, मे 2015 मध्ये त्या गेल्या. मधली जवळजवळ 42 वर्षं मुंबईच्या के.ई.एम.मधल्या परिचारिकांच्या पिढ्यांमागून पिढ्यांनी त्यांना सांभाळलं. एवढ्या वर्षांत त्यांना एकही शय्याव्रण (पडून पडून पाठीला होते ती जखम) झाला नाही, ह्याची नोंद सर्वोच्च न्यायालयानंही घेतली. लोकांनी ते वात्सल्य म्हणून वाचलं. मावशीनं पेपर बाजूला ठेवत हिशेब केला होता, "दर दोन तासांनी म्हटलं तर दिवसाला बारा वेळा. बेचाळीस वर्षं. गुणाकार कर बघू." मी केला. एक लाख ऐंशी हजारांच्या वर जातो.

तिच्या जगात गुणाकाराला फार किंमत आहे. 500 मिलीची बाटली आठ तासांत उतरवायची आणि नळीचा सेट मिलीला 15 थेंब सोडणारा, तर मिनिटाला सोळा थेंब. हे तिला आजही झोपेत विचारलं तरी येतं. आमच्या घरी कुणाला सलाइन लावलेलं असलं की ती बोलता बोलता मनगटावरच्या घड्याळाकडं बघते, ओठ हलतात, हात वर जातो आणि चाक अर्ध्या केसानं फिरतं. काचेच्या सिरिंजा उकळायच्या, बोथटलेल्या सुया दगडावर घासायच्या, नाईटला जरा उसंत मिळाली की गॉज कापून निर्जंतुक करायचे ड्रम भरायचे, अशा काळात तिची नोकरी सुरू झाली. बोटांच्या टोकांना भाजून भाजून जाड कातडी आली होती. 'कोमल कर' असंही मी लिहिलं होतं बहुतेक. आता फाइल उघडून बघायचं धाडस होत नाही.

बदलीच्या एका गावातली गोष्ट तिनं मला एकदाच सांगितली, तीही लाइट गेलेली असताना. पहाटेचे तीन. वॉर्डात एक नवा डॉक्टर, बिचारा छत्तीस तासांचा जागा. पेशंटला द्यायचं होतं साधं इंजेक्शन, त्याच्या हातात होती पोटॅशियम क्लोराइडची कुपी. दोन्ही कुप्या दिसायला सारख्या, ट्रेमध्ये शेजारी शेजारी. पोटॅशियम सलाइनच्या बाटलीत मिसळून सावकाश द्यायचं असतं. थेट शिरेत सोडलं तर हृदय बंद पडतं. त्यानं सिरिंज भरली, दंडाला पट्टी बांधली. मावशी पलीकडच्या खाटेशी होती. तिनं फोडलेल्या कुपीचा आवाज ऐकला आणि सवयीनं कुपीकडं बघितलं. ओरडली नाही. पेशंटचे नातेवाईक जागे होते. ती शांतपणे गेली, त्याच्या हातातून सिरिंज काढून घेतली आणि म्हणाली, "सर, तुम्हाला बाहेर फोन आहे." बाहेर गेल्यावर त्याला कुपी दाखवली. तो भिंतीला टेकून खालीच बसला. तिनं त्याला पाणी दिलं, बरोबर इंजेक्शन स्वतः भरून आणलं, त्याच्यासमोर लेबल मोठ्यानं वाचलं, दिलं आणि नोंद केली. सकाळी परिसेविकेला, म्हणजे वॉर्डच्या मुख्य सिस्टरला, सांगून दोन्ही कुप्यांचे ट्रे वेगवेगळ्या कपाटांत ठेवून घेतले. ह्यावर वरून तिलाच विचारणा झाली, 'कपाटाची रचना कुणाच्या परवानगीने बदलली?' तो लेखी खुलाशाचा कागद तिनं जपून ठेवलाय.

"मग पेशंटचं काय झालं?" मी विचारलं होतं.

"काही नाही," मावशी म्हणाली. "काय व्हायचंय? गेला चार दिवसांनी घरी."

फॉर्मवर हेच दोन शब्द होते. मी ते नम्रपणा समजलो. आता वाटतं, तिनं प्रश्नाचं उत्तर दिलं होतं. पाठीला काही झालं नाही, बाटली उतरताना काही झालं नाही, पहाटे तीनला काही झालं नाही. पस्तीस वर्षं रोज ओव्हर देताना पुढच्या पाळीला सांगायचं असतं तेही हेच, की आठ नंबरला ताप नाही, बाराला रक्तस्राव नाही, रात्रीत विशेष काही नाही. विशेष काही नसण्यासाठी जे करावं लागतं, त्याला आपल्या मराठीत शब्द कोणता? 'सेवा' आहे. तो चांगला शब्द आहे, पण सेवा म्हटलं की त्यात शिक्षण दिसत नाही, अक्कल दिसत नाही, आणि पगार मागितला की वाईट दिसतं.

आमच्या गावाला ह्या बाबतीत मिरवायची हौस आहे आणि मिरवण्यासारखं आहेही. 1886 साली कोल्हापूर संस्थानानं आनंदीबाई जोशींना आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलच्या स्त्रियांच्या विभागाची जबाबदारी देऊ केली. म्हणजे आपलं सीपीआर, छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयच. त्या रुजू होण्याआधीच आजारानं थकल्या आणि फेब्रुवारी 1887 मध्ये गेल्या. पाहुण्यांनी भाषणात हे सांगितलं, टाळ्याही मिळाल्या. माझ्या डोक्यात एक तिरका विचार आला. त्या आल्या असत्या तर त्या वॉर्डात त्यांच्या हाताखाली रात्री कोण जागलं असतं? पुढं 1897 च्या प्लेगात सावित्रीबाई फुल्यांनी आजारी पोर पाठीवर घेऊन मुलाच्या दवाखान्यात आणलं आणि त्याच रोगानं त्या गेल्या, हे आपण शाळेत शिकतो. पण पोर उचलून आणणाऱ्यांतली नावं आपल्याला एखाददुसरीच ठाऊक असतात.

पण मी सत्काराची टवाळी करतोय असं नाही. मावशीनं साडी चार दिवस आधी इस्त्री करून आणली होती. खांद्यावरची जरीची किनार नीट यावी म्हणून पिना मागून घेतल्या. शाल अंगावर पडली तेव्हा तिचा खालचा ओठ जरा हलला, ते मी बघितलं. सतरा नंबर तर स्टेजवरच रडली. "आमाला कुणी बोलवलंच नव्हतं कधी," एवढंच म्हणाली आणि माइक परत दिला. श्रीफळ तिच्या हातून निसटलं आणि गडगडत पहिल्या रांगेपर्यंत आलं. शपथ घेतलेल्या पोरींनी धावत जाऊन ते उचललं. त्याच पोरी नंतर जिन्यात घोळका करून बोलत होत्या. कंत्राटी जागा, अकरा महिन्यांची ऑर्डर, मुंबईत राहायचं भाडं, कुणीतरी जर्मन भाषेच्या क्लासला जातेय त्याबद्दल. एक मुलगा मावशीच्या पाया पडून म्हणाला, "आजी, नाईटला झोप येऊ नये म्हणून काय करत होता?" ती म्हणाली, "बेडवरच्या माणसाचं नाव पाठ करायचं बाळा, नंबर न्हाई. नाव घेतलं की झोप जाती." आणि मागं वळून ओरडली, "ए सतरा, चल, रिक्षा आली!"

गेल्या रविवारी मी तिच्याकडं गेलो. मानपत्राची फ्रेम भिंतीवर नव्हती. ती तिनं मागचे खिळे काढून उघडली होती आणि कागद जेवणाच्या टेबलावर ठेवला होता. शेजारी पेटीतून काढलेली तिची विद्यार्थिनी असतानाची केस बुक. मिडवाइफरीला प्रत्येकीनं स्वतःच्या हातानं वीस बाळंतपणं करून नोंदवायची असत. मी पानं उलटली. 'पहिलटकरीण, वय 19, मुलगी, अडीच किलो, लगेच रडली.' 'तिसरी खेप, मुलगा, जरा उशिरा रडला, आई बरी.' प्रत्येक पानाखाली सिस्टर ट्यूटरची सही. शाईचा रंग विटलेला.

"तू छत्तीस वर्षं लिहिलायस," मावशी म्हणाली. मी 2014 मधून 1978 वजा केले होते. "अठ्ठ्याहत्तरला रिझल्ट लागला. जॉइन झालो ती एक फेब्रुवारी एकोणऐंशीला. रिटायर तीस जून चौदा. पस्तीस वर्षं पाच महिने." मी म्हणालो, व्हाइटनर लावून नवीन छापून आणतो. तिनं माझ्याकडं असं बघितलं, जणू मी वॉर्डात बूट घालून आलो. रेकॉर्डवर व्हाइटनर लावत नाहीत, खोडत नाहीत, गिरवत नाहीत. चुकलं तर एकच आडवी रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे. वर बरोबर लिहायचं, सही, तारीख, वेळ. तिनं निळं बॉलपेन घेतलं, 36 वर एक रेघ मारली, वर 35 वर्षे 5 महिने लिहिलं, सही केली.

मग पेन खाली आलं आणि 'शीतल'वर थांबलं. एक रेघ. वर लिहिलं, 'कोमट'. सही. मला हसू आलं, तिलाही आलं. मग 'त्यागमूर्ती'वर पेन आलं. तिथं ती बराच वेळ थांबली. स्वयंपाकघरात दूध वर आल्याचा वास यायला लागला, मी उठून गॅस बंद करून आलो. तेव्हा रेघ मारून झाली होती.

"ह्याच्या वर काय लिहू? तू सांग, तुझंच लिहिणं हाय."

मी त्या रेघेवरच्या रिकाम्या जागेकडं बघत राहिलो. दोनतीन शब्द आले, ते तिथं बसेनात. मावशीनं थोडी वाट बघितली. मग मनगटावरच्या घड्याळात बघून 5.40 लिहिलं, सही केली आणि वरची जागा तशीच सोडून पेनाला टोपण लावलं.